मिस्नानची पांढरी गाडी

वागिमानला कुणी काही बोललं नव्हतं, आणि तेच त्याला लागलं होतं.

लग्न कुणा परक्याचं नव्हतं. त्याच्या सख्ख्या मेहुणीच्या पोरीचं, मर्लियाचं होतं. आदल्या दिवशी अख्खं पारित सेनावी गाव रेवांगला, म्हणजे लग्नघरी हातभार लावायला, जमलं होतं. बायका मसाला वाटत होत्या, पुरुष कढया ढवळत होते, पोरंटोरं उगाच पायात पायात येत होती. वागिमान मांडवात बसून खोबरं किसत होता. तीस नारळ झाले, चाळीस झाले, पण त्याला वाक, म्हणजे काका, म्हणणाऱ्यांपैकी एक माणूस जवळ येऊन म्हणेना, "वाक, उद्या गाडी किती वाजता काढताय?"

बावीस वर्षं हा प्रश्न त्याला विचारला गेला होता. बावीस वर्षं या गावातली प्रत्येक नवरी त्याच्या मरून रंगाच्या गाडीत बसून नवऱ्याच्या दारी गेली होती. गाडी तो स्वतः चालवायचा. डोक्यावर काळी टोपी, कमरेला जरीचं वस्त्र, आणि आरशातून मागे बघत नवरीला दटावायचा, "रडू नकोस, पावडर उतरेल." चावी त्याने कधी कुणाच्या हातात दिली नाही. पोटच्या पोराने एकदा मागितली तेव्हा, "तुला सायकल घेऊन देतो," असं म्हणून विषय संपवला. पोरगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

मग चार वर्षांपूर्वी मिस्नान गावी परतला. जोहोर बाहरूच्या शाळेत जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झालेला, हसरा, ढेरपोट्या माणूस. गाव त्याला चेगू म्हणायचं, म्हणजे गुरुजी. त्याने आल्या आल्या पांढरीशुभ्र, उंच, नवी कोरी गाडी घेतली. आत बसलं की थंडीने दात वाजावेत असा एसी. आणि मागेल त्याला चावी. "घे रे पोरा, पेट्रोल तेवढं बघून घे." बस्स, एवढंच बोलायचा. कुणाची आई दवाखान्यात न्यायची आहे, घे चावी. कुणाला पोराला होस्टेलवर सोडायचं आहे, घे चावी. लग्नाला तर विचारायलाच नको.

आणि आता मर्लियाच्या लग्नातही तीच गाडी. मांडवाच्या तोंडाशी उभी, पोरी तिला फिती बांधतायत, आणि मिस्नान बाजूला उभा राहून कुणालातरी जोक सांगतोय. वागिमानने किसणीवर असा हात चालवला की बोटाची साल निघाली.

"मर्लियाने तुम्हाला विचारलं नाही, कारण तुमच्या गाडीचा एसी गेलाय," बायको पोनिराह घरी आल्यावर म्हणाली. "मेकअप वितळला असता पोरीचा."

"बावीस वर्षं कुणाचा वितळला नाही तो."

"तेव्हा कुणी एवढा थापत नव्हतं."

तिला हसू आलं. त्याला नाही आलं.

खरं सांगायचं तर वागिमानला गाडीपेक्षा त्या चावीचाच जास्त जाच व्हायचा. एवढी महागाची वस्तू माणूस इतक्या सहज देऊ कशी शकतो? त्याला स्वतःला ते जमलं नव्हतं, कधी जमणार नव्हतं, आणि जमत नाही हे गावाला माहीत होतं. मार्चमध्ये दोघे एकाच दिवशी तुमिनाहच्या दुकानात विमा नव्याने करायला गेले होते, तेव्हाचं बोलणं अजून त्याच्या कानात होतं.

"चेगू, तुम्ही गाडी दहा जणांच्या हाती देता," तुमिनाह म्हणाली होती. नाक्यावर तिचं विम्याचं छोटं दुकान आहे आणि गावातल्या सगळ्या गाड्यांची कुंडली तिच्याकडे असते. "तर नावं लिहून द्या. विमा गाडीचा असतो, तुम्ही परवानगी दिलेला कुणीही चालवू शकतो, लायसन पाहिजे फक्त. पण यादीत नाव नसलेल्याने ठोकली, तर पहिले चारशे रिंगिट तुमच्या खिशातून. वर दावा केलात की तुमची नो क्लेमची पंचावन्न टक्के सूट गेली. ठोकणार तो, सूट जाणार तुमची."

"कुणाकुणाची लिहू? लिहायची तर मशिदीतली पहिली रांग लिही, मग दुसरी."

"नावाला दहा रिंगिट पडतील."

"म्हणजे तू श्रीमंत आणि मी भिकारी. राहू दे. चारशे तर चारशे."

"आणि भाड्याने नका देऊ हं. घरच्या गाडीचा विमा घरच्या कामाला. भाडं घेतलंत की कंपनी हात वर करते."

"अगं, मी भाडं घेईन? माझी बायको मला घरात घेईल का?"

सगळं दुकान हसलं. मग तुमिनाहने वागिमानचा कागद ओढला आणि म्हणाली, "वाकच्या यादीत एकच नाव. स्वतःचं. वाक गाडी आपल्या सावलीलाही देणार नाहीत." पुन्हा सगळे हसले. वागिमानही हसला, पण घरी येईपर्यंत त्याचं तोंड कडू झालं होतं.

लग्नाच्या दिवशी पांढरी गाडी नवऱ्याचा चुलतभाऊ जमारी चालवत होता. सव्वीस वर्षांचा शांत पोरगा, लायसन असलेला, यादीत नाव नसलेला. नवरा-नवरीला त्याने व्यवस्थित सोडलं. मग म्हाताऱ्या बायकांना आणायला एकटाच परत निघाला, तर कालव्याकाठच्या रस्त्यावर भली मोठी घोरपड आडवी आली. जमारीने घोरपड वाचवली आणि गाडी कालव्यात घातली.

गाव धावलं. वागिमानही धावला. जमारी गळ्यापर्यंत भिजून काठावर बसला होता, हातपाय धड होते, आणि गाडी नाक पाण्यात खुपसून उभी होती. फिती आणि कागदी फुलं तरंगत होती. ते बघून वागिमानच्या मनात पहिल्यांदा आलं, बरं झालं. असं मनात आल्याचं त्याला वाईटही वाटलं, पण नंतर, आणि थोडंसंच.

मिस्नान आला, त्याने आधी जमारीचं डोकं चाचपलं, मग दंड. "लागलं कुठे? नाही ना? मग काय तोंड पाडून बसलास? विमा आहे गाडीला."

झालं. त्या एका वाक्याने गाव वेडं झालं. चेगूची गाडी बुडाली तरी चेगू हसतोय. दिलदार माणूस असावा तर असा. कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, टपरीवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. वागिमानला वाटलं होतं, गाडी बुडाली म्हणजे मिस्नानचा तोराही बुडेल. इथे तर तो माणूस वीतभर उंच होऊन वर आला.

"मन मोठं लागतं," पोनिराहसुद्धा म्हणाली.

"मन मोठं असायला काही लागत नाही. पेन्शन लागते."

"पेन्शन तुम्हालाही आहे."

वागिमान उठला. जाऊन गाडी धुवायला लागला.

पंधरा दिवसांनी कंपनीचा तपासनीस आला. सेल्वम नाव, इस्त्रीचा शर्ट, पायांत धुळीने भरलेले बूट. कालवा बघितला, जमारीला भेटला, मग दुपारच्या उन्हात टपरीवर येऊन बसला. टपरीत दुसरं कुणी नव्हतं. वागिमान एकटा कोपी पीत बसला होता.

सेल्वमने इकडचं तिकडचं विचारलं. पोरगा दारू पितो का? नाही. रस्त्यावर घोरपडी असतात का? माणसांपेक्षा जास्त. मग वही उलगडत तो म्हणाला, "वाक, फोटोत गाडी सजवलेली दिसते. लग्नाची. गाडीवाले याचे काही पैसे घेतात का?"

आता या गावात कुणाची गाडी मागून नेली तर ती कशी परत करतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडी धुऊन, टाकी भरून, डबाभर जेवण घालून, आणि आसनावर एक पाकीट ठेवून. पाकिटात पन्नास असतील, वीस असतील, कुणी मोजत नाही. नाही म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान. त्याला भाडं म्हणणं म्हणजे पाहुण्याला वाढलेल्या भाताचं बिल करणं. वागिमाननेही बावीस वर्षं पाकिटं घेतली होती. हे सगळं त्याला माहीत होतं, सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि ऊन काही पळून जात नव्हतं.

तो म्हणाला, "पाकीट मिळतं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"वर्षात लग्नं किती?"

"पंधरा तरी."

"म्हणजे वर्षाला पंधरा वेळा गाडी जाते आणि पंधरा वेळा पैसे येतात."

"तुम्ही म्हणता तसं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो स्वतःला घरी जाईपर्यंत हेच सांगत राहिला. सेल्वमने त्याचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर लिहून घेतला, कोपीचे पैसे दिले आणि गेला.

दीड महिन्याने पत्र आलं. गाडी वारंवार मोबदला घेऊन दिली जात होती, असं स्थानिक चौकशीत दिसून आलं, सबब दावा नामंजूर. गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज एकतीस हजार रिंगिट होता आणि बँकेचे हप्ते अजून पाच वर्षं चालायचे होते. चारशेची गोष्ट एकतीस हजारांवर गेली. जमारी म्हणाला, मी सिंगापूरला कामाला जातो, महिन्याला पाठवत जाईन. मिस्नानने त्याला झापलं, पण पहिल्यांदाच झापताना तो हसला नाही. तो आता बायकोच्या जुन्या स्कूटरवरून बाजाराला जायला लागला. पोट हँडलला लागायचं. लोकांना हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

आणि वागिमानला हवं होतं ते मिळालं. पुढच्याच महिन्यात सारिंगच्या घरचे आले, "वाक, पोरीचं लग्न आहे, तुमची गाडी पाहिजे." त्याने एसी दुरुस्त करून घेतला. गाडीला पॉलिश केलं. जरीचं वस्त्र इस्त्री केलं. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, कोंपांगचे डफ वाजवणारी पोरं पुढे चालत होती, आणि वागिमान आरशातून नवरीला म्हणाला, "रडू नकोस, पावडर उतरेल." नवरी हसली. दिवस अगदी त्याच्या मनासारखा गेला.

संध्याकाळी सारिंगने डबा आणून दिला. डब्यात भात, परतलेल्या खोबऱ्याचं सेरुंडिंग, कोंबडी, सगळं होतं. डबा देऊन सारिंग घुटमळला.

"वाक, पाकीट काही ठेवत नाही हं. राग मानू नका. चेगूचं काय झालं बघितलंत ना. कंपनीला कळलं तर तुमचीही गाडी जायची."

"बरोबर आहे," वागिमान म्हणाला.

"कोण मेला बोलला कुणास ठाऊक. हात झडोत त्याचे."

"बोलायला हात कशाला लागतात?" वागिमान बोलून गेला. सारिंग हसला आणि म्हणाला, मग जीभ झडो.

त्या रात्रीपासून वागिमानला जेवण गोड लागेना. गावातल्या पुढच्या लग्नाला तर घरच्यांनी बातू पहात शहरातून भाड्याचीच गाडी आणली, काळी, चालकासकट. उसन्या गाडीची कटकट नको म्हणाले. गावात आता कुणी कुणाची चावी मागत नव्हतं आणि कुणी देत नव्हतं. आपल्या मरून गाडीवर त्याने कापड घातलं. तरी मिस्नान स्कूटरवरून जाताना दिसला की लोक ज्या मायेने त्याला हाक मारायचे, ते ऐकून वागिमानच्या पोटात अजून दुखायचंच. गाडी गेली, पैसा गेला, तरी त्या माणसाचं काहीतरी उरलंच होतं, आणि ते काढून घेता येत नव्हतं.

मग एका सकाळी ती स्कूटर त्याच्याच दारात येऊन थांबली.

"कांग, आहात का घरात?" मिस्नानच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. वयाने लहान म्हणून तो नेहमी कांगच म्हणायचा, मोठा भाऊ.

पोनिराहने चहा टाकला. दोघे ओसरीवर बसले. 

"तुमिनाह म्हणते, अपील करता येतं," मिस्नान म्हणाला. "पाकीट म्हणजे भाडं नव्हे, गावची रीत आहे, असं कुणी जाणत्या माणसाने लिहून दिलं पाहिजे. मी म्हटलं, कांग वागिमानसारखा जाणता कोण? बावीस वर्षं नवऱ्या नेल्या, पाकिटं घेतली, भाडं कधी मागितलं नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"दुसरं कुणी नाही मिळालं?"

"मिळतील शंभर. पण ते सगळे माझे मित्र. कंपनी म्हणेल, मित्र मित्राची बाजू घेतो." मिस्नान किंचित हसला. "तुमचं माझं काही फार सख्य नाही, हे गावाला माहीत आहे. म्हणूनच तुमचं खरं वाटेल. मला ठाऊक आहे, कांग, माझ्यामुळे तुमची गाडी मागे पडली. मला तेव्हाच येऊन बोलायला हवं होतं. राहून गेलं."

वागिमानला हे नको होतं. शिवी चालली असती.

"माझा चष्मा सापडत नाही," तो म्हणाला.

"मी वाचतो, मी लिहितो. तुम्ही सही करा." मिस्नानने मास्तरी अक्षरात भराभर लिहायला घेतलं. नाव. ओळखपत्राचा नंबर. गावात किती वर्षं? जन्मापासून. रीत काय? वागिमान सांगत गेला. धुतलेली गाडी, भरलेली टाकी, डबा, पाकीट. जी दोन मिनिटं सेल्वमला दिली नव्हती ती आता दिली. खरंच दोनच मिनिटं लागली.

"सहावा प्रश्न. याआधी या प्रकरणात कंपनीच्या तपासनिसाला काही माहिती दिली आहे का?" मिस्नानने वाचलं, आणि विचारायचं कारणच नसल्यासारखं 'नाही' लिहून पुढे गेला. "इथे सही."

वागिमानने पेन घेतलं. त्याला सगळं लख्ख दिसलं, चष्म्याशिवाय. सेल्वमच्या वहीत त्याचं नाव होतं, नंबर होता. कंपनी कागद कागदाला लावून बघणार, साक्षीदार खोटं बोलतो म्हणणार आणि अपील केराच्या टोपलीत. मिस्नानची गाडी कायमची गेली, आणि ती कुणामुळे गेली हे कदाचित कधीच कुणाला कळणार नाही. काही करायचं नव्हतं. फक्त सही. आणि त्याच्या आतला तो जुना जळका माणूस म्हणत होता, कर की, तू कुठे लिहिलंयस, त्यानेच लिहिलं.

पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"ते 'नाही' खोड," वागिमान म्हणाला.

"काय?"

"सहाव्याचं. तिथे 'हो' लिही. पाकिटाचं मीच सांगितलं. टपरीवर. त्याने विचारलं आणि मी सांगितलं, आणि रीत सांगितली नाही."

चहा घेऊन आलेली पोनिराह दारात थांबली. मिस्नानने वागिमानच्या हातून पेन घेतलं. मग त्याने 'नाही' खोडलं, सावकाश, एका रेघेने, आणि कागद-पेन वागिमानकडे सरकवलं.

"खाली लिहायचंय, काय माहिती दिली आणि कशी. ते तुम्ही तुमच्या हाताने लिहा."

पोनिराहने चहा ठेवला. आत जाऊन चष्मा आणला आणि नवऱ्यासमोर ठेवला. त्याच्याकडे बघितलं नाही.

वागिमानने लिहिलं. अक्षरं मोठी मोठी आली. तपासनिसाने काय विचारलं, मी काय बोललो, काय बोललो नाही. रकाना भरला, तरी तो थांबला नाही, खालच्या कोऱ्या जागेत आणखी एक ओळ लिहिली आणि मग सही केली.

मिस्नानने कागद उचलून वाचला. शेवटच्या ओळीशी त्याचे डोळे अडकले. तिथे लिहिलं होतं, मला चेगू मिस्नानचा हेवा वाटत होता, अजून वाटतो.

"हे कशाला?" मिस्नानने विचारलं. "कंपनीने असं काही विचारलेलं नाही."

"कंपनीसाठी नाही लिहिलं ते," वागिमान म्हणाला.

 मिस्नानने ती ओळ खोडली नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा न घेता स्कूटर चालू केली.